राजवाडा पाहायला गट घेऊन जाताना: बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर आणि कोल्हापूरसाठी सविस्तर आखणी

किल्ल्यावर तीस जण गेले तरी तटावर, बुरुजावर, टाक्यापाशी पांगतात आणि कुणाची कुणाला अडचण होत नाही. राजवाड्यात तीसही जणांना एकाच दारातून, एकाच जिन्यावरून, दोरी लावून ठरवलेल्या एकाच वाटेने जावं लागतं. शिवाय यातले बरेच राजवाडे आजही राहते आहेत. बडोद्याच्या लक्ष्मी विलासमध्ये गायकवाड, ग्वाल्हेरच्या जय विलासमध्ये शिंदे आणि कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात छत्रपतींचं घराणं राहतं. आपण पाहतो तो भाग वेगळा असला, तरी आपण कुणाच्या तरी घरी जात असतो. किती माणसं न्यायची, पत्र कसं लिहायचं, आत काय बोलायचं, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच निघतात.

हा लेख वाचनालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळेचे माजी विद्यार्थी, इतिहासप्रेमी मित्रमंडळ अशा पंधरा ते चाळीस माणसांच्या गटांसाठी आहे. प्रवासी कंपनीकडे सगळं सोपवायचं नसेल आणि आपलं आपण करायचं असेल, तर पुढचा क्रम उपयोगी पडेल.

आधी राजवाडा निवडा, मग सहल

बहुतेक गट उलट करतात. चार दिवसांची सहल ठरते आणि वाटेत जमेल तसे राजवाडे घुसवले जातात. त्यातून दिवसाला दोन-तीन वास्तू होतात, आणि घरी आल्यावर झुंबर कुठल्या राजवाड्यात होतं आणि चांदीची गाडी कुठल्या, हे कुणालाच आठवत नाही. एका दिवसाला एकच मोठा राजवाडा, हा नियम कसोशीने पाळा. जोडीला एखादी लहान जागा चालते.

गटाची पहिलीच वेळ असेल तर कोल्हापूरपासून सुरुवात करा. नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. तळमजल्यावर शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय आहे, जिने फारसे चढावे लागत नाहीत आणि दोन-अडीच तासांत निवांत पाहून होतं. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, तिथे मुलंसुद्धा रेंगाळतात. याच राजवाड्याचा वास्तुकार मेजर चार्ल्स मँट याने पुढे बडोद्याचा लक्ष्मी विलास आखला. म्हणून कोल्हापूर पाहिलेला गट बडोद्याला गेला की त्याला ओळखीच्या खुणा सापडतात. हा क्रम मला फार आवडतो.

कोकणात जाणाऱ्या लहान गटाने सावंतवाडीचा राजवाडा निवडावा. तिथे दरबार हॉलमध्ये गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) रंगवणारे आणि लाखकाम करणारे कारागीर काम करताना दिसतात. पाच-सहा जणांनी त्यांच्याजवळ बसून पाहण्यासारखं ते काम आहे. चाळीस जणांची बस तिथे नेऊ नका.

लांबची सहल करायची असेल तर बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर अशी वाट आहे. गायकवाड, होळकर, शिंदे ही तिन्ही घराणी आपल्याच मुलखातून गेलेली. शिंद्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं कण्हेरखेड, आणि गायकवाडांच्या गादीवर दत्तक गेलेले सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. तिन्ही शहरांत अजून मराठी वस्ती, मराठी मंडळं आहेत. या वाटेला निदान सात दिवस हवेत. तेवढे नसतील तर फक्त बडोदा करा, तीन दिवसांत उत्तम होतं.

माणसं किती

तीसपर्यंत ठीक. त्यापुढे गेलात तर दोन वेगळ्या सहली करा. तीस जणांच्याही पंधरा-पंधराच्या दोन तुकड्या करायच्या, आणि या तुकड्या सहलीला निघण्यापूर्वीच कागदावर ठरवायच्या. प्रत्येक तुकडीला एक पुढे चालणारा आणि एक शेवटी राहणारा माणूस द्या. शेवटचा माणूस पुढच्यापेक्षा महत्त्वाचा असतो. मागे राहणारे, गुडघे दुखणारे, फलक वाचत उभे राहणारे, सगळे त्याच्या भरवशावर असतात. तो शांत स्वभावाचा निवडा.

नावं घेतानाच चार गोष्टी विचारून लिहून ठेवा: जिने चढता येतात का, किती वेळ सलग उभं राहता येतं, जेवणाची पथ्यं कोणती, आणि घरच्या कुणाचा फोन नंबर. या चार उत्तरांवर निम्मी आखणी उभी राहते.

तारीख

लक्ष्मी विलास आणि इंदूरचा लालबाग राजवाडा सोमवारी बंद असतात. तेव्हा सोमवार हा प्रवासाचा दिवस ठेवा. सुट्टीचे वार मधूनच बदलतात, काही राष्ट्रीय सुट्ट्यांनाही दारं बंद असतात. म्हणून संकेतस्थळावर पाहिलं तरी आठवडाभर आधी फोन करून तारखेची खात्री करा.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. पण याच दिवसांत लग्नसराई असते, आणि राजवाड्यांची हिरवळ समारंभांना भाड्याने दिली जाते. त्या दिवशी मंडप, जनरेटर, ट्रक यांतून वाट काढावी लागते आणि दर्शनी भागाचा एकही फोटो नीट येत नाही. "त्या तारखेला आवारात काही कार्यक्रम आहे का?" हा प्रश्न फोनवर नक्की विचारा. बडोद्याला नवरात्रात आणि उत्तरायणाच्या दोन-तीन दिवसांत जाऊ नका. नवरात्रात गरब्यामुळे हॉटेलं भरलेली असतात, आणि १४ जानेवारीच्या आगेमागे सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर असतं. कोल्हापुरात मात्र दसऱ्याला मुद्दाम जावं. दसरा चौकातला शाही सोहळा पाहायचा आणि राजवाडा दुसऱ्या दिवशी ठेवायचा.

पत्र

वीसपेक्षा जास्त माणसं असतील तर तिकीट खिडकीवर थेट जाऊन उभं राहू नका. महिनाभर आधी ईमेल करा, चार दिवसांनी फोन करा. पत्रात आपली ओळख, तारीख, वेळ, संख्या, वयोगट आणि नेमके प्रश्न हवेत. गौरवपर प्रस्तावना नको, ती वाचणाऱ्याचा वेळ घेते. नमुना असा:

"मा. व्यवस्थापक, सप्रेम नमस्कार.
आमच्या वाचनालयाचे २८ सभासद शनिवार, दि. … रोजी सकाळी १० वाजता राजवाडा व वस्तुसंग्रहालय पाहण्यासाठी येऊ इच्छितात. त्यांपैकी ११ जण साठीपुढचे आहेत आणि दोघांना जिने चढता येत नाहीत. गर्दी होऊ नये म्हणून १४ जणांच्या दोन तुकड्या अर्ध्या तासाच्या अंतराने आत सोडाव्यात, अशी विनंती आहे. कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात: गटासाठी आगाऊ तिकिटं मिळतात का, व्हीलचेअर व उतार कुठपर्यंत आहेत, छायाचित्रणाचे नियम काय, मराठी किंवा हिंदीतून माहिती सांगणारी व्यक्ती किंवा ऑडिओ गाइड मिळेल का, बस कुठे उभी करावी. सभासदांची यादी सोबत जोडली आहे."

कोल्हापूर, सावंतवाडीला हे असंच मराठीत चालेल. बडोदा आणि ग्वाल्हेरला हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवा. उत्तराची छापील प्रत बरोबर ठेवा. दारावरच्या माणसाला ऑफिसातला पत्रव्यवहार माहीत असेलच असं नाही, आणि कागद दाखवला की बोलणं दोन मिनिटांत संपतं.

खासगी फेरी म्हणजे नेमकं काय

या शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी मागितल्या जातात. आपल्याला कोणती हवी, हे आधी ठरवा.

पहिली म्हणजे नेहमीचीच वाट, पण ठरलेल्या वेळी फक्त आपल्या गटासाठी. ही कधी उघडण्याच्या वेळेआधी, कधी बंद झाल्यावर मिळते. तिला जास्त पैसे पडतात, आणि आवाराचं वेळापत्रक मोकळं असावं लागतं. दुसरी म्हणजे संग्रहालयाचा क्युरेटर किंवा राजवाड्यातली जाणकार व्यक्ती बरोबर असणं. माझ्या मते गटाने पैसे खर्च करावेत ते यावर. वीस वर्षं त्या वस्तूंबरोबर काम केलेला माणूस एका खुर्चीबद्दल जे सांगतो, ते कुठल्याच फलकावर नसतं. तिसरी म्हणजे एरवी बंद असलेले भाग पाहणं: ग्रंथालय, दफ्तर, वस्त्रांचा साठा. ती उत्सुकतेपोटी मागू नये. विषय सांगून मागावी. "आम्हाला सगळं बघायचं आहे" या वाक्याला नकार ठरलेला. "आमच्या गटात सहा चित्रकार आहेत आणि ऑगुस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराने लक्ष्मी विलाससाठी केलेली शिल्पं आम्हाला रेखाटायची आहेत" अशा विनंतीचा कुणीतरी विचार करतं. अशा गटात आठ-दहाच माणसं असावीत.

राजघराण्यातल्या कुणाची भेट पहिल्या पत्रात मागू नका. तशी भेट घडवून देतो म्हणून पैसे मागणारा मध्यस्थ भेटला, तर त्याला पैसे देऊ नका. जे काही शुल्क असेल ते ट्रस्टच्या किंवा संग्रहालयाच्या पावतीवरच भरा. योगायोगाने घरातलं कुणी समोर आलं, तर उभं राहून नमस्कार करावा, "महाराज" किंवा "राणीसाहेब" म्हणून बोलावं, आणि ते होऊन म्हणाले तरच फोटो काढावा.

सहा-आठ जणांच्या गटाला आणखी एक वाट आहे, ती म्हणजे राजवाड्यातच मुक्काम. ग्वाल्हेरचा उषा किरण पॅलेस, महेश्वरचा अहिल्या फोर्ट, सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारातलं हॉटेल, या सगळ्या ठिकाणी राहता येतं. खर्चिक आहे, पण सकाळी सातला रिकाम्या अंगणात बसायला मिळतं.

पैसे आणि प्रवास

वर्गणी काढताना एक पद्धत पाळा. माणसं कमी झाली तरी जे खर्च कमी होत नाहीत ते वेगळे काढा: बस, चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग, गाइड. समजा हे ४८,००० रुपये झाले आणि तीस नावं आली. तिसाने भागलं तर माणशी १,६०० येतात. तिसाने भागू नका, चोविसाने भागा, म्हणजे माणशी २,००० घ्या. आयत्या वेळी पाच-सहा गळतातच. कुणी गळलं नाही, तर उरलेले पैसे शेवटच्या दिवशी परत करता येतात. नंतर जास्तीचे पैसे मागायला जाणं फार जड जातं. तिकीट, जेवण, मुक्काम हे माणशी खर्च यावर वेगळे लावा. पूर्ण पैसे भरल्याशिवाय नाव पक्कं धरू नका, आणि रद्द केल्यास किती परत मिळतील हे पहिल्याच संदेशात लिहा.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. एका अर्जावर सहाच प्रवासी बसतात, म्हणून सहा-सहाचे गट पाडून वेगवेगळ्या घरांतून एकाच वेळी तिकिटं काढा, किंवा आरक्षण केंद्रावर जाऊन गटाच्या आरक्षणाची चौकशी करा. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. वर्गणीचा हिशेब जुन्या आठवणीवर करू नका. मुंबईहून इंदूरला जाणारी अवंतिका एक्स्प्रेस बडोद्यावरूनच जाते. पुण्याकडच्या गटाला ग्वाल्हेरसाठी गोवा एक्स्प्रेस आहे. महाराष्ट्रातून बस नेणार असाल, तर तिला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे बस ठरवतानाच कागद पाहून तपासा. तोंडी "आहे" पुरेसं नाही.

निघण्याआधीची एक संध्याकाळ

सहलीच्या आठ-दहा दिवस आधी सगळ्यांना तासभर एकत्र बसवा. सामानाची यादी, वेळा, नियम हे पंधरा मिनिटांत संपतं. उरलेल्या वेळात राजवाड्यामागची माणसं सांगा. बडोद्याला जाणार असाल तर सयाजीराव महाराज (तिसरे) यांच्याबद्दल कुणीतरी तयारी करून बोलावं. १८७५ मध्ये दत्तक जाऊन गादीवर आलेला हा मुलगा १९३९ पर्यंत राज्य करतो, १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करतो आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू करतो. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघते. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात जातात. हे ऐकून गेलेला माणूस दरबार हॉलमध्ये उभा राहतो, तेव्हा या झगमगाटाचा धनी कोण होता, हे त्याला ठाऊक असतं. तयारी न करता गेलेल्याच्या हाती "केवढं मोठं आहे" एवढंच लागतं.

बडोद्याचा दिवस, तासाप्रमाणे

दार उघडण्याच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. बसमधून उतरण्याआधीच तिथे काय चालतं आणि काय नाही, हे सांगून टाका: आत फोटो नाहीत, फोन बंद, मोठ्या पिशव्या बसमध्ये, पाणी पिऊन घ्या, स्वच्छतागृहात जाऊन या. दोघांनी तिकिटांसाठी जावं, बाकीच्यांनी सावलीत थांबावं.

माहिती बाहेर सांगा, आत फक्त पाहू द्या. हा माझा सगळ्यात आवडता नियम आहे. दर्शनी भागासमोर, जिथून मनोरा आणि घुमट दोन्ही दिसतात, तिथे वीस मिनिटं द्या. काम १८७८ मध्ये सुरू झालं, मँट १८८१ मध्ये वारला, पुढे रॉबर्ट फेलोज चिझम याने ते पूर्ण केलं आणि १८९० मध्ये राजवाडा उभा राहिला. एकाच भिंतीवर राजपूत छत्र्या, इस्लामी घुमट, गुजराती कोरीव काम आणि युरोपीय कमानी कशा नांदतात, ते बोटाने दाखवा. बागेची रचना विल्यम गोल्ड्रिंग या लंडनच्या क्यू उद्यानाशी संबंधित तज्ज्ञाची आहे. एवढं बाहेरच सांगून झालं, की आत घोळक्यात उभं राहून कुणाला ओरडून बोलावं लागत नाही.

आत ऑडिओ गाइड मिळतो. कोणकोणत्या भाषा आहेत ते आधी विचारून ठेवा. ज्येष्ठांना कानाचं यंत्र असेल तर ऑडिओ गाइड नीट ऐकू येत नाही, त्यांच्याबरोबर बोलणारा माणूस द्या. शस्त्रागारात बहुतेकांचा वेळ जातो, तो जाऊ द्या, पण दरबार हॉलसाठी निदान पंचवीस मिनिटं राखून ठेवा. व्हेनिसच्या कारागिरांनी केलेलं मोझॅक, बेल्जियमच्या रंगीत काचा, आणि सकाळच्या उन्हात त्या काचांतून उतरणारा रंग. फेलिचीची ब्राँझ आणि संगमरवरी शिल्पंही घाईत सुटतात.

दुपारच्या जेवणानंतर आवारातल्याच महाराजा फतेहसिंह संग्रहालयात जा. ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेची. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं इथे पाहायला मिळतात. सयाजीरावांनी त्याच्याकडून लक्ष्मी विलाससाठी चौदा पौराणिक चित्रं करून घेतली होती. घराघरांतल्या कॅलेंडरवर पाहिलेले चेहरे इथे मूळ रंगांत समोर येतात, आणि गटातल्या आजी-आजोबांना हे दालन राजवाड्यापेक्षा जास्त भावतं. तिथे बसायला जागा शोधून ठेवा.

चार वाजता थकवा जाणवू लागतो. तेव्हा तिसरं संग्रहालय नको. सेव उसळ खायला घाला आणि मुक्कामी न्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कीर्ती मंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं, रावपुऱ्यातला तांबेकर वाडा आणि सयाजी बागेतलं १८९४ चं संग्रहालय पाहा. याच बागेजवळ संकल्प भूमी आहे. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये, बडोद्यात राहायला जागा नाकारली गेल्यावर, बाबासाहेबांनी इथे झाडाखाली बसून आयुष्याचा निर्धार केला. ज्या संस्थानाने त्यांना शिकायला परदेशी पाठवलं, त्याच शहरात हे घडलं. राजवाडा पाहून आलेल्या गटाने इथे यायलाच हवं. फेरी अपुरी ठेवू नका.

इंदूर आणि ग्वाल्हेरसाठी थोडं वेगळं

इंदूरचे राजवाडा आणि लालबाग दोन्ही सरकारी ताब्यात आहेत, त्यामुळे घराण्याच्या ट्रस्टशी पत्रव्यवहार लागत नाही. मात्र डागडुजीसाठी काही दालनं बंद असू शकतात, ते विचारा. सात मजली राजवाड्याचे खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. त्याला तीनदा आग लागली, शेवटची १९८४ मध्ये. लालबागचं काम १८८६ ते १९२१ चाललं. त्याच्या मोठ्या फाटकापाशी थांबा, ते बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर केलेलं आहे. स्वयंपाकघर नदीपलीकडे होतं आणि जेवण भुयारी वाटेने यायचं, हे ऐकून मुलं खूश होतात. होळकरांचा माणिकबाग राजवाडा पाहण्याचा आग्रह धरू नका, तिथे केंद्र सरकारचं कर-कार्यालय आहे. तो वेळ महेश्वरला द्या.

ग्वाल्हेरचा जय विलास १८७४ चा, मायकेल फिलोज याने बांधलेला. तीन मजले तीन युरोपीय वास्तुशैलींत आहेत: खालचा टस्कन, मधला डोरिक, वरचा कोरिंथियन. दरबार हॉलमधल्या दोन झुंबरांचं वजन प्रत्येकी साडेतीन टन सांगतात, आणि छत ते पेलेल का हे पाहायला वर हत्ती चढवल्याची कथा प्रत्येक गाइड रंगवून सांगतो. गटाला कथा ऐकू द्या, पण ती कथा म्हणूनच. जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी दिसली की गर्दी गोठते, तिथे तुकडी पाच-पाच जणांत सोडा. दालनं पस्तीसच्या आसपास आहेत आणि जिने आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना अर्ध्यातून परत फिरता येईल का, ते दारावरच विचारा. इथे मराठ्यांच्या इतिहासाचं दालनही आहे. किल्ला दुसऱ्या दिवशी ठेवा, त्याच दिवशी नको.

परतल्यावर

आठवडाभरात हिशेब गटावर टाका, पावत्यांच्या फोटोंसकट, आणि उरलेले पैसे परत करा. राजवाड्याच्या कार्यालयाला आभाराचं छोटं पत्र पाठवा. ज्या माणसाने दार उघडलं, व्हीलचेअर आणून दिली, चार प्रश्नांना शांतपणे उत्तरं दिली, त्याचा नावाने उल्लेख करा. पुढच्या वर्षीच्या गटासाठी एक कागद तयार ठेवा: कुठे बस उभी केली, कुठे स्वच्छतागृह होतं, कुठल्या दालनात वेळ कमी पडला, कोणाशी फोनवर बोललो आणि तो कोणत्या वेळी भेटतो.